तीन फलक, एक समुद्र: बदलत्या निसर्गाचे परिणाम वेगवेगळे मांडता येतील का?

ओहोटी (मूळ प्रश्न)

नमस्कार. एका विज्ञान प्रदर्शनासाठी तीन फलकांचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विषय "बदलता निसर्ग" असा असून आयोजकांनी फलकांची नावेही ठरवून दिली आहेत: पहिला "समुद्र", दुसरा "वन्यजीव" आणि तिसरा "माणूस". प्रत्येकावर जेमतेम दोनशे शब्द बसतात. मी भूगोल शिकलेली आहे, सागरी जीवशास्त्राशी माझा संबंध वाचनापुरताच. तरीही काम सोपे वाटले होते. लिहायला बसले आणि पहिल्याच संध्याकाळी गाडे अडले.

अडचण अशी आहे. हिरव्या कासवाच्या पिल्लांचे लिंग अंडी ज्या वाळूत पुरलेली असतात तिच्या तापमानावर ठरते. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर वाळू तापली की माद्या अधिक निपजतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या कासवांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात कोवळ्या कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. आता ही नोंद मी कोणत्या फलकावर लावावी? प्राणी समुद्रातला, वाळू जमिनीवरची आणि ती तापवणारा वायू माणसाने सोडलेला. जी माहिती हाती घ्यावी ती अशीच तिन्ही फलकांवर सांडते.

दुसरी अडचण आकड्यांची आहे. "समुद्राचा पृष्ठभाग सुमारे एक अंशाने तापला आहे" हे वाक्य मी चार वेळा लिहिले आणि चारही वेळा खोडले. पहाट आणि दुपार यांच्यातला दहा अंशांचा फरक रोज सहज सोसणाऱ्या माणसाला एक अंशाचे काय वाटणार?

तेव्हा जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही तीन भागांतली विभागणी मुळात योग्य आहे का? आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत धागा सुटू न देता सांगता येईल, असे एखादे खरे उदाहरण आहे का, ज्यात पाण्याचा एखादा अंश प्राण्यांपर्यंत आणि तिथून माणसापर्यंत कसा पोहोचला हे दिसेल? सर्वसाधारण इशारे नकोत, ते माझ्याकडे भरपूर जमा झाले आहेत.

खारफुटी

ओहोटी, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरात पहिल्याचे उत्तर आपोआप येईल.

ईशान्य प्रशांत महासागरात २०१३ च्या अखेरीस जे सुरू झाले आणि २०१६ पर्यंत चालले, ते उदाहरण घ्या. त्या हिवाळ्यात अलास्काच्या आखातावर उच्च दाबाचा पट्टा ठाण मांडून बसला. एरवी हिवाळी वादळे समुद्र घुसळतात, पृष्ठभागाची उष्णता हवेत जाते आणि खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. त्या वर्षी वारे मंदावले, घुसळण झाली नाही आणि उन्हाळ्यातली ऊब पाण्यात तशीच राहिली. काही ठिकाणी पाणी नेहमीपेक्षा अडीच अंशांहून अधिक तापलेले होते. नकाशावरच्या त्या लालभडक डागाला शास्त्रज्ञांनी चक्क "ब्लॉब" असे नाव दिले. पुढे तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत पसरला आणि २०१५ मध्ये एल निनोची त्यात भर पडली.

आता एकेक पायरी खाली उतरू. गरम पाणी हलके असते, त्यामुळे त्याचा थर झाकणासारखा वर बसतो आणि पोषकद्रव्ये खालीच राहतात. सूक्ष्म वनस्पती घटतात. त्यांच्यावर जगणारे कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव बदलतात, आणि माझ्या मते ही पायरी सर्वांत महत्त्वाची असूनही नेमकी हीच लोकांना सांगितली जात नाही. थंड पाण्यातले कोपेपॉड अंगात भरपूर चरबी साठवतात. दक्षिणेकडून गरम पाण्याबरोबर येणाऱ्या जाती लहान आणि किडकिडीत असतात. म्हणजे छोट्या माशाच्या पोटात घास तेवढेच गेले तरी सत्त्व कमी गेले. समुद्र वरून भरलेला दिसतो आणि आतून उपाशी असतो.

त्याच वेळी कॉडसारख्या मोठ्या माशांची भूक वाढली. माशाचे शरीर पाण्याच्या तापमानाबरोबर तापते, चयापचयाचा वेग वाढतो आणि नुसते जिवंत राहण्यासाठी अधिक खावे लागते. अन्न निकृष्ट, खाणारे अधिक भुकेले. या कात्रीत कॉमन मर हा काळा-पांढरा पाणपक्षी सापडला. त्याला दररोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके मासे लागतात आणि तीन-चार दिवसांच्या उपासाने तो मरू शकतो. २०१५ चा उन्हाळा ते २०१६ चा वसंत या काळात कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले सुमारे ६२,००० मर वाहून आले. किनाऱ्याला लागतात ते एकूण मेलेल्यांपैकी थोडेच. पुढे वसाहतींतील आधीच्या आणि नंतरच्या मोजणीची तुलना २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा एकट्या अलास्कात सुमारे चाळीस लाख मर गेले, म्हणजे तिथली निम्मी संख्या संपली, असा निष्कर्ष निघाला.

माणूस अजून आलेला नाही, आता येतो. त्याच गरम पाण्यात २०१५ मध्ये एका सूक्ष्म शैवालाचा मोठा बहर आला. हे शैवाल डोमोइक आम्ल नावाचे मज्जासंस्थेवर परिणाम करणारे विष तयार करते आणि ते खेकड्यांच्या शरीरात साठते. कॅलिफोर्नियातला डंजनेस खेकड्यांचा हंगाम एरवी नोव्हेंबरात सुरू होतो. विषामुळे तो रोखून धरला गेला आणि मध्य कॅलिफोर्नियात सापळे पाण्यात पडायला मार्चचा शेवट उजाडला. खेकडे पकडणाऱ्या कुटुंबांचा वर्षाचा सगळा हिशेब या चार-पाच महिन्यांवर असतो, त्यामुळे परवानगी मिळताच सर्वांनी एकदमच सापळे टाकले, आणि त्यांत काही गैरही नव्हते.

पण तोपर्यंत वसंत लागला होता आणि हंपबॅक देवमासे दक्षिणेकडून चरायला परतत होते. चांगल्या वर्षी ते खोल पाण्यात क्रिल (कोळंबीसारखे लहान जीव) खातात. त्या वर्षी क्रिल विरळ झाले होते, म्हणून ते किनाऱ्याजवळच्या अँकोव्ही माशांच्या थव्यांमागे आले. नेमक्या त्याच उथळ पाण्यात प्रत्येक सापळ्यापासून पृष्ठभागावरच्या बोयापर्यंत एकेक उभा दोर ताणलेला होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर दोरात अडकलेल्या देवमाशांच्या खात्रीशीर नोंदी वर्षाला सुमारे १० असत. २०१५ आणि २०१६ मध्ये त्या दरवर्षी ५० च्या आसपास गेल्या.

आता मला सांगा, देवमाशाच्या शेपटीला काचलेला तो दोर तुम्ही कोणत्या फलकावर टांगणार? गरम पाण्याने देवमासा मेला नाही. खेकड्यातील विषाने मेला नाही. आरोग्याच्या काळजीपोटी घेतलेला निर्णयही योग्यच होता. चुकली ती वेळ: जे दोघे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या महिन्यांत त्या पाण्यात येत होते, ते एकाच महिन्यात आले. बदलत्या निसर्गाचे बरेचसे नुकसान असे चुकलेल्या गाठीभेटींतून होते, आणि ते तीन स्वतंत्र चौकटींत मावत नाही.

इंजिनरूम

खारफुटी यांनी जीवशास्त्र सांगितले आहे. एक अंशाबद्दल मी थोडे लिहितो. मी अनेक वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो.

जहाजाचे इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतात. तळाजवळ सी-चेस्ट नावाची पोकळी असते, तिथून पाणी गाळणीतून पंपाकडे येते आणि त्या नळावर तापमापक बसवलेला असतो. फोर्थ इंजिनिअर असताना चार तासांच्या प्रत्येक वॉचमध्ये त्या पाण्याचे तापमान लॉगबुकात लिहिणे हे माझ्या कामांपैकी एक होते. आम्हाला त्यात हवामानशास्त्र वगैरे काही दिसत नसे. इंजिन किती थंड राहील एवढाच त्याचा अर्थ. पण जगभरच्या जहाजांवरील अशा नोंदींतूनच दीडशेहून अधिक वर्षांचा समुद्राच्या तापमानाचा इतिहास तयार झाला आहे, हे मला निवृत्तीनंतर कळले आणि जरा ओशाळायला झाले. कारण रात्रीच्या वॉचला आधीच्या माणसाचाच आकडा उतरवून काढण्याचा आळस मीही केलेला आहे.

त्या नोंदी बिनचूक नाहीत, आणि त्या तशा नाहीत हे अभ्यासकांना ठाऊक आहे. इंजिनच्या नळातले पाणी खोलीच्या उष्णतेने किंचित गरम वाचले जाते. त्याआधीच्या काळात डेकवरून बादली सोडून पाणी काढत. कॅनव्हासच्या बादलीत वर खेचता खेचता बाष्पीभवनाने ते थोडे थंड होई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बादलीकडून नळाकडे आणि पुन्हा बादलीकडे अशी पद्धतींची सरमिसळ झाली आणि आलेखात खोटे चढउतार आले, ते नंतर दुरुस्त करावे लागले. आकडे "फुगवले" जातात असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की जुन्या बादल्यांचे आकडे दुरुस्त करताना वर सरकवले जातात, आणि त्यामुळे समुद्राची एकूण तापमानवाढ जास्त नव्हे, उलट कमी दिसते.

आता आमच्यावर अवलंबून राहायची गरज उरलेली नाही. साधारण २००० सालापासून आर्गो नावाची स्वयंचलित यंत्रे समुद्रात सोडली जात आहेत. आज अशी सुमारे चार हजार यंत्रे जगभर तरंगत असतात; प्रत्येक यंत्र एक हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरते, वर येताना तापमान व क्षारता मोजते आणि उपग्रहाला कळवते. त्यांना झोप येत नाही.

एक अंश म्हणजे काय, हे फलकावर असे सांगून पाहा. एक घनमीटर पाणी एक अंशाने थंड झाले तर त्यातून निघणारी उष्णता सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा एक अंशाने तापवू शकते. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकून राहिली आहे, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. हवेत आपल्याला जाणवते ते वरचे उतू गेलेले. आणि तापलेले पाणी फुगते. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची पातळी सरासरी २० सेंटीमीटर वाढली, तिच्यात वितळलेल्या बर्फाबरोबरच या फुगण्याचाही मोठा वाटा आहे.

नेमस्त

चर्चा उद्बोधक आहे, परंतु एक आक्षेप नोंदवल्याशिवाय राहवत नाही. समुद्रात जे काही घटते ते सारे हवामानबदलाच्या खात्यावर लिहिण्याची सवय अलीकडे फार वाढली आहे, आणि त्यामुळे ज्यांनी प्रत्यक्ष हात मारला त्यांची आयतीच सुटका होते.

न्यूफाउंडलंडचा कॉड घ्या. पाचशे वर्षे ज्या माशावर किनारपट्टीच्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्याची उत्तरेकडील संख्या कोसळली आणि २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने मासेमारी थांबवली. सुमारे ३०,००० माणसांचे काम एका दिवसात गेले. अंडी घालणाऱ्या माशांचे एकूण वजन पूर्वीच्या १ टक्क्याच्या आसपास आले होते. बंदी दोन वर्षांसाठी असेल असे सांगितले गेले होते. ती उठायला २०२४ उजाडले. याचे मुख्य कारण अतिमासेमारी होते. मोठी गोठणजहाजे, तळ खरवडणारी जाळी, आणि पकड भरपूर येत आहे म्हणजे मासाही भरपूर आहे असा चुकीचा हिशेब. थंड पाण्याचाही त्यात हात होता असे मानणारे आहेत, तो असेलही, पण तापलेल्या समुद्राचा नव्हता.

शिवाय एल निनोसारखे चढउतार नैसर्गिकच आहेत. फलकावर लिहिताना "माशांनी स्थलांतर केले" आणि "माशांना संपवले" ही दोन वाक्ये एकमेकांच्या जागी येऊ नयेत, एवढीच विनंती.

खारफुटी

नेमस्त, तुमच्या कॉडच्या उदाहरणावर माझा काहीच वाद नाही. फलक मी लिहीत असतो तर ते मी पहिल्यांदा घेतले असते. मात्र त्यावरून उलट टोकाला जाऊ नये. कारण कोणते हे ओळखण्याच्या वाटा आहेत, आणि त्या प्रत्येक प्रकरणात वेगळ्या असतात.

बेरिंग समुद्रातला स्नो क्रॅब पाहा. २०१८ ते २०२१ या काळात पूर्व बेरिंग समुद्रातून दहा अब्जांहून अधिक खेकडे नाहीसे झाले, आणि २०२२ मध्ये अलास्कात त्यांचा हंगाम इतिहासात प्रथमच रद्द झाला. पकडलेल्या खेकड्यांची संख्या यापुढे अगदीच किरकोळ होती, म्हणजे जाळ्यांवर दोष ठेवता येत नव्हता. ते उत्तरेकडे गेले असावेत म्हणून तिकडे पाहणी केली, तिथेही सापडले नाहीत. राहिले पाणी. २०१८ आणि २०१९ मध्ये तिथे उष्णतेची लाट होती, पण ते तापमान खेकड्याला मारण्याइतके नव्हतेच. मग मेले कशाने? शून्य अंशाऐवजी तीन अंशांच्या पाण्यात या खेकड्याची अन्नाची गरज जवळपास दुप्पट होते. त्या वर्षांत आधीच त्यांची दाटी झालेली होती. ते उपाशी मेले. ओहोटी, "एक अंश म्हणजे काय" याचे याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही: उष्माघात नव्हे, दुप्पट भूक.

एल निनोबद्दल तुम्ही म्हणता ते एकेकाळी पुरेसे होते. १९९८ चे प्रवाळांचे मोठे विरंजन (रंग जाऊन पांढरे पडणे) एल निनोच्या वर्षात झाले. पण २०२२ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले तेव्हा ला निना चालू होती, म्हणजे पाणी तुलनेने थंड असायला हवे होते. भरती-ओहोटी पूर्वीसारखीच चालू आहे, पण आता ओहोटीचे पाणीही जुन्या भरतीच्या खुणेपर्यंत येऊ लागले आहे, असे समजा.

आणि एक गोष्ट अशी आहे जिच्यात नैसर्गिक चढउताराची पळवाट जवळजवळ नाहीच. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो आणि पाणी आम्लतेकडे झुकते. औद्योगिक युगापूर्वी पृष्ठभागाचा सामू (pH; आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक) ८.२ च्या आसपास होता, आज तो ८.१ च्या आसपास आहे. दशांशाचा हा फरक क्षुल्लक दिसतो, पण सामूचे माप गुणोत्तराने चढते. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक वाढले आहे. हा कार्बन जुन्या इंधनातला आहे हे त्याच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळखता येते.

२००७ च्या सुमारास अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील कालवांच्या (ऑयस्टरच्या) हॅचरींमध्ये, म्हणजे पिल्ले वाढवण्याच्या केंद्रांत, लाखो-करोडो डिंभ (नुकती जन्मलेली पिल्ले) मरू लागले. आधी जंतूंचा संशय घेतला गेला, टाक्या धुतल्या, गाळण्या बदलल्या. शेवटी लक्षात आले की वारा ठरावीक दिशेने वाहिला की खोलातले कार्बनयुक्त पाणी किनाऱ्याला वर येते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत शिंपला घडवण्यासाठी जी शक्ती लागते ती पिल्लांकडे उरत नाही. आता तिथे पाणी आत घेण्यापूर्वी त्याची रासायनिक तपासणी होते आणि सोडियम कार्बोनेट मिसळून ते सुधारले जाते. हॅचरीच्या टाकीत हे जमते. बाहेरच्या खाडीत कोण मिसळणार? भर म्हणजे वर येणारे ते पाणी काही दशकांपूर्वी पृष्ठभागावर होते. त्यानंतर हवेत गेलेल्या कार्बनची पाळी अजून यायची आहे.

प्रवाळप्रेमी

विरंजनाचा उल्लेख आला म्हणून पाण्याखाली ते कसे दिसते तेवढे लिहितो, कारण फलकांवर नेहमी पांढऱ्याफटक सांगाड्याचे छायाचित्र लावतात आणि त्यातून "मेलेला प्रवाळ" असा समज होतो.

प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते, रंग त्याचा असतो आणि प्रवाळाला लागणारी बहुतेक ऊर्जाही तेच पुरवते. पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा अंशभर वर जाऊन आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की प्रखर उजेडात शैवालाचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, त्यातून घातक रसायने तयार होतात आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मला ते सुंदर वाटले होते, हे कबूल करतो. काही फांद्या पांढऱ्या होण्याआधी निळ्या-जांभळ्या चमकत होत्या. जवळ जाऊन पाहिले तर काचेसारखी पारदर्शक कातडी शाबूत होती आणि तिच्यातून चुनखडीचा सांगाडा दिसत होता. बारीक स्पर्शिका हलत होत्या. प्रवाळ जिवंत होता, उपाशी होता. एरवी फांद्यांच्या रंगात मिसळून जाणारे लहान मासे त्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर दुरूनच ठळक दिसत होते. काही आठवड्यांनी त्याच जागी गेलो तेव्हा पाणी निवले नव्हते आणि फांद्यांवर तपकिरी-हिरव्या शेवाळाची साय धरली होती. ती साय म्हणजे शेवट.

म्हणून वैज्ञानिक केवळ तापमान मोजत नाहीत, त्याला आठवड्यांनी गुणतात. सीमेच्या एक अंश वर चार आठवडे गेले की विरंजन अपेक्षित धरतात, आठ आठवडे गेले की मृत्यू. दोन अंश वर असेल तर मुदत निम्मी. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक पातळीवरचे चौथे विरंजन जाहीर झाले, तेही याच हिशेबाने. समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागेत असलेल्या या प्रवाळांवर सागरी जातींपैकी सुमारे पाव जाती कधी ना कधी अवलंबून असतात.

"माणूस" फलकासाठी एक दुवा देतो. प्रवाळभिंत किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांची सरासरी ९७ टक्के शक्ती अडवते, असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात २०१४ मध्ये आढळले. मेलेली भिंत लगेच पडत नाही. ती झिजते, आणि ज्या वर्षी ती पुरेशी खाली जाते त्या वर्षीच्या वादळाला लोक दोष देतात.

नेमस्त यांच्या मुद्द्याला जोड म्हणून: मासेमारी थांबवल्याने काय होऊ शकते तेही लिहायला हवे. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे १९९५ मध्ये संरक्षित क्षेत्र झाले आणि स्थानिकांनी स्वतः राखण केली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचे एकूण वजन ४६० टक्क्यांहून अधिक वाढले. राखणीने पाणी थंड होत नाही, हे खरे. पण भुकेल्या माशाला निदान जाळे तरी चुकवावे लागत नाही.

ओहोटी

सर्वांचे मनापासून आभार. खारफुटी, तुमचा प्रतिसाद मी आयोजकांना जसाच्या तसा वाचून दाखवला. फलक तीनच राहतील, कारण लाकडी चौकटी आधीच बनून आल्या आहेत. पण नावे काढून टाकायला त्यांनी संमती दिली आहे. आता तिन्ही फलकांवरून एकच दोर आडवा जाईल, खराखुरा, सापळ्याला बांधतात तसा. त्याला नोव्हेंबर २०१५ ते एप्रिल २०१६ अशा महिन्यांच्या गाठी असतील, वरच्या बाजूला पाण्यात काय घडत होते आणि खालच्या बाजूला धक्क्यावर काय घडत होते ते लिहीन. देवमासा आणि सापळा ज्या गाठीवर भेटतात ती गाठ तिसऱ्या फलकावर येईल. नेमस्त, कॉडसाठी वेगळी छोटी पाटी करते आहे, तीत तापमानाचा उल्लेख ठेवणार नाही. कासवांची नोंद मात्र अजून हातातच आहे. ती कदाचित गाळावी लागेल.

इंजिनरूम, एक विनंती आहे. एक अंशासाठी मला लॉगबुकाच्या पानाचा नमुना करून लावायचा आहे. त्यातले रकाने कसे असतात ते सांगाल का?

इंजिनरूम

जरूर. डावीकडे वॉचची वेळ, मग इंजिनचे फेरे, निरनिराळे दाब, थंड करणाऱ्या गोड्या पाण्याचे जाताना-येतानाचे तापमान, आणि उजवीकडे कुठेतरी एक अरुंद रकाना: समुद्राचे पाणी. दशांश लिहायची पद्धत आमच्याकडे नव्हती, पूर्ण अंशच लिहीत. शाईच्या पेनाने आणि थोड्या तेलकट अंगठ्याने लिहिलेले दाखवा, म्हणजे खरे वाटेल.

आकडे वरून खाली असे घाला: २७, २७, २७, २८. मधल्या दोन सत्ताविसांपैकी एक माझा आहे, आणि तो मी नळाजवळ न जाता लिहिलेला आहे.